श्रीलंकेचे जिल्हानिहाय निकाल : ‘बहुमत’ की ‘सर्वाधिक मते’?

श्रीलंकेच्या २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीविषयी ‘जाफन्यात सजित प्रेमदासा यांना बहुमत’ असे वाक्य वाचून, उत्तर श्रीलंकेतील या जिल्ह्यात त्यांना जेमतेम एक तृतीयांश मते असताना हा शब्द चालेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते चालणार नाही. तिथे ‘सर्वाधिक मते’ किंवा ‘आघाडी’ म्हणावे.

‘बहु’ या शब्दात निम्म्याची अट नाही, हे खरे. परंतु ‘ठराव बहुमताने मंजूर झाला’, ‘सरकारने बहुमत सिद्ध केले’ अशा प्रयोगांतून मराठीत ‘निम्म्याहून अधिक’ हाच अर्थ रुळला आहे आणि तो सांभाळायला हवा. जाफन्यात प्रेमदासा आणि तमिळ पक्षांचे सामाईक उमेदवार अरियनेंथिरन यांच्यात अगदी थोडे अंतर होते. अशा ठिकाणी ‘बहुमत’ लिहिले की ही चुरस वाचकापर्यंत पोहोचतच नाही. ‘जाफना जिल्हा जिंकला’ हेही मला खटकते, कारण अध्यक्ष देशभरातील मतांच्या एकूण बेरजेवर ठरतो, जिल्ह्यांच्या संख्येवर नाही. शिवाय हा २२ निवडणूक जिल्ह्यांपैकी एक असून त्यात किलिनोच्ची हा प्रशासकीय जिल्हाही येतो. म्हणून ‘जाफना निवडणूक जिल्हा’ असे पूर्ण लिहावे.

देशपातळीवर मात्र या शब्दाचा खरा कस लागतो. तिथे मतदार मतपत्रिकेवर उमेदवारांना पसंतीक्रम देऊ शकतो. निवडणूक जिंकणारे अनुरा कुमार दिसानायके यांना पहिल्या पसंतीची ५६,३४,९१५ मते, म्हणजे ४२.३१ टक्के, मिळाली. निम्मी मते कोणालाच न मिळाल्याने श्रीलंकेच्या इतिहासात प्रथमच दुसऱ्या फेरीची मोजणी झाली. आपल्याकडील पदवीधर मतदारसंघात तळाचे उमेदवार एकेक करून बाद होतात. श्रीलंकेत मात्र पहिले दोन, म्हणजे दिसानायके आणि प्रेमदासा, वगळता सारे एकदम बाद झाले आणि त्यांच्या मतपत्रिकांवरील पुढची पसंती त्या दोघांत वाटली गेली. बाद उमेदवारांच्या सुमारे ३३ लाख मतांपैकी जेमतेम २ लाख ७३ हजार मते अशी हस्तांतरित झाली, कारण बहुतेक मतपत्रिकांवर या दोघांपैकी कोणालाही पुढची पसंती दिलेली नव्हती.

अखेरीस दिसानायके ५७,४०,१७९ आणि प्रेमदासा ४५,३०,९०२ मतांवर थांबले. या दोघांच्या बेरजेत दिसानायके यांचा वाटा ५५.८९ टक्के होतो, पण सुरुवातीच्या १,३३,१९,६१६ वैध मतांशी तुलना केली, तर तो सुमारे ४३ टक्केच राहतो. म्हणून ‘दुसऱ्या फेरीत उरलेल्या मतांचे बहुमत’ असे लिहिणे मला आवश्यक वाटते. नुसते ‘बहुमत’ म्हटल्यास निम्म्याहून अधिक मतदारांनी त्यांना निवडले, असा चुकीचा समज होईल.

‘मताधिक्य’ हा शब्द याहून वेगळा आहे. तो दोन उमेदवारांच्या मतांतील फरक सांगतो. पहिल्या मोजणीत दिसानायके यांचे मताधिक्य १२,७१,८८० होते, ते दुसऱ्या फेरीअखेर १२,०९,२७७ वर आले, कारण पुढच्या पसंतीची मते प्रेमदासांना अधिक मिळाली. बहुमत दुसऱ्या फेरीत लाभले आणि त्याच फेरीत मताधिक्य घटले; त्यामुळे हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत.