लस-सल्ला: कॅलिफोर्नियातल्या शाळा आणि वैद्यकीय सूट

प्रश्न : मुलगी 5 वर्षांची आहे. मार्चमध्ये तिला कावासाकी आजार (रक्तवाहिन्यांना सूज येते तो) झाला, तेव्हा आयव्हीआयजी (शिरेतून द्यायची प्रतिपिंडं) दिलं. ऑगस्टमध्ये किंडरगार्टन सुरू होईल. एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) आणि कांजिण्यांच्या लशीचा दुसरा डोस राहिलाय. डॉक्टर थांबायला सांगतात, शाळा डोस मागते. डॉक्टरांची लेटरहेडवरची चिठ्ठी शाळेनं परत केली.
— एक आई, फ्रीमॉण्ट

उत्तर : डॉक्टरही बरोबर आणि शाळाही. चुकली ती चिठ्ठी. 1 जानेवारी 2021 पासून शाळेच्या सक्तीच्या लशींतून नवी वैद्यकीय सूट फक्त राज्याच्या ‘केअर-एमई’ (CAIR-ME) या संकेतस्थळावरून निघते. आधी तुम्ही तिथे खातं उघडायचं, मुलीची आणि शाळेची माहिती भरायची. मग एक विनंती क्रमांक मिळतो. तो डॉक्टरांना द्यायचा. ते आपल्या खात्यातून सूट देतात आणि छापील प्रत तुमच्या हातात ठेवतात, ती शाळेत जमा करायची. क्रमांक मिळाला म्हणजे सूट मिळाली असं समजून पुष्कळ जण तिथेच थांबतात आणि ऑगस्टमध्ये धावपळ होते. फॉर्म भरण्याचे पैसे डॉक्टरांना घेता येत नाहीत.

आता मुद्द्याचं. कावासाकीत आयव्हीआयजी सहसा किलोमागे 2 ग्रॅम देतात. त्यातल्या तयार प्रतिपिंडांमुळे गोवर आणि कांजिण्यांची जिवंत (कमजोर केलेल्या विषाणूची) लस अंगात रुजत नाही, म्हणून 11 महिने थांबायचं. 10 मार्चला दिलं असेल तर 10 फेब्रुवारीपर्यंत. फॉर्मवर प्रत्येक लशीसमोर कारण आणि मुदत वेगळी लागते. सूट या दोनच लशींना मिळेल. पोलिओ, डीटीएपी (घटसर्प-धनुर्वात-डांग्या खोकला) आणि हिपॅटायटिस बी यांचा आयव्हीआयजीशी काही संबंध नाही, त्यांतलं काही राहिलं असेल तर आत्ताच देऊन टाका. तात्पुरती सूट एका वर्षाहून जास्त मिळत नाही, तुम्हाला तेवढी लागणारही नाही. मुलगी अजून ॲस्पिरिनवर असेल तर कांजिण्यांच्या लशीआधी डॉक्टरांना जरूर सांगा. त्या लशीनंतर 6 आठवडे ॲस्पिरिन टाळायला सांगतात.

शाळेत गोवराचा रुग्ण निघाला तर सूट असलेल्या मुलीला 21 दिवसांपर्यंत घरी बसवू शकतात. कामावरच्या रजेचा विचार आधीच करून ठेवा.

प्रश्न : जूनमध्ये पुण्याहून आलो. मुलाचं सगळं लसीकरण महापालिकेच्या दवाखान्यात झालंय, कार्ड आहे. तरी शाळा म्हणते अपुरं. पुण्याच्या डॉक्टरांनी सूट लिहून दिली तर चालेल?
— एक वडील, सॅन होजे

उत्तर : चालणार नाही. सूट कॅलिफोर्नियाचा परवाना असलेल्या एमडी किंवा डीओ (दोन्ही अमेरिकेतल्या वैद्यकीय पदव्या) डॉक्टरांनीच द्यायची असते. शिवाय तुम्हाला सूट नकोच आहे, राहिलेले डोस हवे आहेत. 9 महिन्यांचा गोवर-रुबेलाचा डोस इथे मोजत नाहीत, कारण तो पहिल्या वाढदिवसाच्या आधीचा. दीड वर्षाचा मोजला तरी त्यात गालगुंड नाही. एप्रिल 2016 नंतरचे तोंडावाटेचे पोलिओचे थेंबही धरत नाहीत. पल्स पोलिओच्या फेऱ्या कार्डावर कितीही असोत. पेंटाव्हॅलंटचे (पाच रोगांवरच्या एकत्र लशीचे) डोस मात्र धरतात, त्यामुळे ते पुन्हा देऊ देऊ नका. कांजिण्यांची लस सरकारी वेळापत्रकात नाही, ती इथे दोनदा लागेल.

एका दिवसात सगळं होत नाही, आणि शाळेलाही ते माहीत असतं. राहिलेल्या लशींचा जो डोस आज देता येतो तो घेतला की सशर्त प्रवेश मिळतो. एमएमआरचा दुसरा डोस पहिल्यानंतर महिन्याने घेता येतो. पहिल्या डोसपासून 4 महिन्यांत तो झाला नाही तर मुलाला घरी पाठवतात. कार्डावरच्या तारखा महिना आधी की दिवस आधी, हे नोंद करणाऱ्याला समजावून सांगा. 05/08 म्हणजे आपला 5 ऑगस्ट, त्याचा 8 मे झाला की डोस बाद होऊ शकतो!

प्रश्न : मुलाला अंड्याची ॲलर्जी आहे. एमएमआरमधून सूट मिळेल का?

उत्तर : नाही. अंड्याची ॲलर्जी, दमा, एक्झिमा, साधी सर्दी, यांतलं काहीच चालत नाही. आधीच्या डोसला किंवा लशीतल्या जिलेटिन, निओमायसिनसारख्या घटकाला तीव्र ॲलर्जी (अंगभर गांधी उठणं, श्वास अडकणं, रक्तदाब पडणं) झाली असेल तरच ॲलर्जीच्या कारणावरून सूट मिळते.

प्रश्न : मुलीचं मूत्रपिंड प्रत्यारोपण झालंय. किंडरगार्टनला ‘कायमची’ सूट घेतली होती. आता सातवीत पुन्हा का मागतात?
— एक आई, अर्वाईन

उत्तर : ‘कायमची’ हा शब्द फसवा आहे. सूट टप्प्यापुरती असते: बालवाडीपर्यंत, किंडरगार्टन ते सहावी, सातवी ते बारावी. सातवीत टीडॅप (डीटीएपीच्याच तीन रोगांवरची मोठ्या मुलांची लस) आणि कांजिण्यांचे दोन डोस पाहतात. टीडॅप जिवंत लस नाही, ती मुलीला सहसा देता येते. तिच्यासाठी सूट मागू नका, निष्कारण शंका येते. कांजिण्यांची मागा. डॉक्टरांनी प्रवेशाच्या आधी, शक्यतो मे महिन्यातच, नवी सूट केअर-एमईवर काढावी. वर्षात 5 किंवा अधिक सूट देणाऱ्या डॉक्टरांच्या सूट राज्याचा आरोग्य विभाग तपासतो, आणि प्रत्यारोपणाच्या मोठ्या केंद्रांत हा आकडा सहज गाठला जातो. त्यामुळे कारणासोबत प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांची नावं नीट लिहिलेली असावीत. रद्द झालीच तर 30 दिवसांत अपील करता येतं, आणि अपील चालू असेपर्यंत मुलगी शाळेत जाऊ शकते.