सरकारी संस्थांवरचा विश्वास उडाला की तरुण राजकारणापासून दूर जातात का?

सरसकट नाही, बऱ्याचदा सहभागाची फक्त वाट बदलते. मतदान, ग्रामसभा, पक्षाचं काम मागे पडतं आणि मोर्चा, ठिय्या पुढे येतो. ऑगस्ट २०२४ मध्ये एमपीएससीची म्हणजे राज्य लोकसेवा आयोगाची पूर्वपरीक्षा आणि आयबीपीएसची बँक भरतीची परीक्षा एकाच दिवशी, २५ तारखेला आली, तेव्हा पुण्यात शास्त्री रस्त्यावर मुलं ठाण मांडून बसली आणि आयोगाला परीक्षा पुढे ढकलावी लागली. ही मुलं उदासीन नव्हती. आयोग आपलं ऐकेल, एवढा विश्वास शिल्लक होता म्हणूनच ती बसली. तोही संपला की माणूस घरीच राहतो, आणि मला खरी काळजी त्याची वाटते. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ कारभार प्रशासकाकडे होता. त्या काळात अठरा वर्षांच्या झालेल्या मुलीला आपल्या प्रभागात नगरसेवकच नव्हता. तिने विश्वास ठेवायचा कुणावर?

मात्र मतदान कमी झालं म्हणजे अविश्वासच, असं धरू नका. पुण्यात अभ्यासाला राहिलेल्या कित्येकांचं नाव लातूर-नांदेडकडच्या गावच्या मतदारयादीत असतं. नमुना ८ हा पत्ता बदलायचा अर्ज भरून ते हलवता येतं, पण दर वर्षी खोली बदलणारा विद्यार्थी त्या भानगडीत सहसा पडत नाही.