लाकडी डेक टिकवायचा असेल, तर आधी फळ्यांखाली पाहा

घरामागच्या मोकळ्या जागेत डेक, म्हणजे जमिनीपासून उचललेला लाकडी फळ्यांचा उघडा ओटा, बसवायचा असल्यास कोणते लाकूड घ्यावे आणि दरवर्षी कोणते तेल लावावे, असे आपण विचारले आहे. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु अनेक डेक बसवताना आणि जुने उकलताना पाहिल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे की, डेकचे आयुष्य वरच्या फळीपेक्षा खालच्या सांगाड्यावर अधिक अवलंबून असते.

लाकूड केवळ भिजल्यामुळे कुजत नाही, तर भिजल्यानंतर वाळायला वाव न मिळाल्यामुळे कुजते. त्यातील ओलावा सुमारे २० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिला की बुरशीचे फावते. म्हणून खांब मातीत पुरू नयेत. काँक्रीटच्या पायावर धातूची बैठक बसवून तिच्यावर ते जमिनीपासून उचललेले ठेवावेत. डेकखालच्या जमिनीला घरापासून दूर जाणारा उतार द्यावा आणि हवा खेळण्यासाठी बाजू मोकळ्या सोडाव्यात. सर्वांत नाजूक जागा म्हणजे सांगाडा घराच्या भिंतीला जोडला जातो ती. तिथे पाणी मागे झिरपू नये म्हणून वरून वळवलेला पत्रा बसवणे मी अनिवार्य मानतो, कारण त्या सांध्यातील कूज बाहेरून दिसत नाही आणि तो निखळला तर माणसांसह डेक खाली येऊ शकतो.

फळ्यांखालचे वासे एकमेकांपासून साधारण ४०० मिलिमीटरवर असावेत. प्लास्टिकमिश्रित फळ्यांसाठी हे अंतर बहुधा याहूनही कमी लागते, तेव्हा उत्पादकाचे पत्रक पाहावे. वाळलेल्या फळ्यांमध्ये ५ ते ६ मिलिमीटर फट ठेवावी. फळी ओलसर असेल तर फट कमी ठेवली तरी चालते, कारण वाळताना फळी रुंदीत आकसते. फळी कापल्यावर तिचे उघडे टोक निरखून पाहिल्यास बारीक छिद्रे दिसतात. झाडाच्या खोडातून पाणी वर नेणाऱ्या त्या नळ्याच असतात आणि कापल्यानंतरही त्या पाणी ओढतातच. त्यामुळे प्रत्येक कापलेल्या टोकाला ते बसवण्यापूर्वीच संरक्षक द्रावण किंवा मेण लावावे. हे काम कंटाळवाणे असल्याने हमखास टाळले जाते, आणि कूज बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते.

स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. तांबेयुक्त द्रावणाने प्रक्रिया केलेल्या लाकडात साधे लोखंड लवकर गंजते. स्क्रूचे डोके फळीच्या पातळीत राहावे. खोल रुतवल्यास त्या खड्ड्यात पाणी साचते.

लाकडाच्या निवडीबाबत थोडक्यात सांगायचे तर, सागवान किंवा प्रक्रिया केलेले पाइन, दोन्ही चालतात. मात्र सागाचे बाहेरचे फिकट लाकूड टिकाऊ नसते. उन्हाने फळी राखाडी पडली तर घाबरू नये, तो केवळ पृष्ठभागाचा बदल असतो.

देखभालीत तेलापेक्षा झाडू महत्त्वाचा आहे. फटींत अडकलेला पालापाचोळा ओल धरून ठेवतो, म्हणून तो पातळ पट्टीने उकरून काढावा. धुण्यासाठी मऊ ब्रश आणि साबणाचे पाणी पुरते. जोरदार फवाऱ्याच्या यंत्राने लाकडाचे तंतू उसवतात. तेल कधी लावायचे हे दिनदर्शिकेवरून ठरवू नये. फळीवर पाण्याचे थेंब टाकावेत. ते मण्यांसारखे उभे राहिले तर थांबावे, काही मिनिटांत मुरले तर फळी पूर्ण वाळू देऊन लाकडात मुरणारे तेल पातळ लावावे. पृष्ठभागावर थर धरणारे व्हार्निश उघड्यावर तडकते आणि त्या तड्यांतून शिरलेले पाणी आतच अडकते.

वर्षातून एकदा खाली वाकून भिंतीकडील सांधा, खांबांचे तळ आणि वाशांची टोके स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहावीत; टोक सहज आत गेले तर तो भाग बदलावा. जवसासारखे वाळणारे तेल वापरल्यास त्याचे बोळे गोळा करून ठेवू नयेत, कारण ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ते उघड्यावर सुटे पसरून वाळवावेत आणि मगच टाकावेत.