रुग्णवाहिकेवर सायरन असताना दिवे कशाला? आणि दिवे जितके प्रखर तितकं चांगलं का?

पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे. काचा बंद, एसी चालू आणि गाणी लागलेली असली की सायरन अगदी जवळ येईपर्यंत नीट ऐकू येत नाही. ऐकू आला तरी दोन्ही बाजूंना उंच इमारती असतील तर आवाज नक्की कुठून येतोय ते कळत नाही. दिवा दिशा सांगतो.

दुसऱ्याचं उत्तर मात्र ‘नाही’ असं आहे. या दिव्यांची कामं दोन आहेत आणि ती एकमेकांच्या विरुद्ध जातात. धावत्या गाडीचे दिवे ‘वाट द्या’ म्हणतात. अपघाताच्या जागी उभ्या गाडीचे दिवे ‘इथे माणसं आहेत, जपून’ म्हणतात.

वाट मागायची असेल तर लक्ष वेधणं महत्त्वाचं. दिवसा लाल रंग बऱ्यापैकी दिसतो, पण रात्री टेललाइट, सिग्नल आणि दुकानांच्या पाट्यांत हरवतो. अंधारात डोळा निळ्या रंगाला जास्त संवेदनशील होतो, म्हणून निळा-लाल अशी जोडी लावतात. उघडझापीचा वेगही मोजून ठरवावा लागतो. अशा चेतावणी दिव्यांसाठी युरोपात चालणाऱ्या आर-६५ नियमात तो सेकंदाला २ ते ४ वेळा आहे. त्याहून खूप वेगाने लुकलुकणारा दिवा घाई दाखवतो खरा, पण गाडी किती लांब आहे आणि किती वेगाने येतेय याचा अंदाज बिघडवतो.

दिव्यांची जागा तर प्रखरतेपेक्षाही महत्त्वाची, आणि नेमकी तिथेच चूक होते. टपावरचा लाइटबार, म्हणजे दिव्यांची आडवी पट्टी, लांबून झकास दिसतो. पण उंच टपाची रुग्णवाहिका एखाद्या छोट्या कारच्या अगदी मागे आली की तो बार तिच्या आरशाच्या वर निघून जातो. त्यासाठी रुग्णवाहिकेच्या पुढच्या जाळीत (ग्रिलमध्ये), कारच्या आरशात दिसतील अशा उंचीवर दोन दिवे हवेत. (दुचाकीवाल्यांचे आरसे घडी घातलेले असतील तर त्यावर इलाज नाही.) शिवाय पुढच्या मडगार्डवर बाजूला रोखलेले दोन दिवे हवेत, म्हणजे चौकात आडव्या रस्त्यावरच्या लोकांना नाक पुढे आल्या आल्या दिवा दिसतो.

आता उभी गाडी. एक्सप्रेसवेवर ताशी १०० किमी म्हणजे सेकंदाला जवळपास २८ मीटर. ब्रेकवर पाय जायला दीड सेकंद धरला तर तेवढ्यातच ४२ मीटर संपतात, आणि कोरड्या रस्त्यावरही कार पूर्ण थांबेपर्यंत एकूण १०० मीटरच्या आसपास जातात. ओल्या रस्त्यावर आणखी. म्हणजे दिवे लांबून दिसायलाच हवेत. पण रात्री तेच दिवे पूर्ण ताकदीने चालू ठेवले तर येणाऱ्याचे डोळे दिपतात आणि गाडीशेजारी स्ट्रेचर धरून उभा असलेला माणूस त्याला दिसतच नाही. पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात धुकं असेल तर पांढरा दिवा धुक्यावर आपटून परत येतो आणि समोर भिंत उभी राहते. अमेरिकेतल्या अग्निशमन गाड्यांच्या एनएफपीए १९०१ या मानकात म्हणूनच दोन वेगळ्या अवस्था ठेवल्या होत्या, वाट मागतानाची एक आणि रस्ता अडवून उभं असतानाची दुसरी. गाडी रस्ता अडवून उभी असेल तर पांढरे चेतावणी दिवे बंद. मी तर म्हणेन, हँडब्रेक ओढला की पुढचे आणि पांढरे दिवे आपोआप बंद व्हावेत, उरलेले रात्री मंद व्हावेत, आणि मागच्या दारावर लाल-पिवळे तिरके परावर्तक पट्टे असावेत. पट्ट्यांना बॅटरी लागत नाही, त्यांची वायरही तुटत नाही.

बिघाडांचं म्हणाल तर बऱ्याचदा दोष दिव्यात नसतो, अर्थिंगमध्ये, म्हणजे वीज बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडणीत असतो. टपावरच्या नट-बोल्टला दिलेली अर्थ पावसात गंजते, व्होल्टेज पडतं, आणि अर्धा बार मंद होतो. बारची अर्थ वेगळ्या जाड वायरने थेट बॅटरीपर्यंत न्यावी. स्वस्त एलईडी बारमुळे गाडीतल्या वायरलेस सेटवर खरखर येऊ शकते, तेव्हा बसवण्याआधी सेट चालू करून बघावं. मागचे लाल फ्लॅशर इंडिकेटरला चिकटून लावू नयेत. त्यांच्या झगमगाटात इंडिकेटर बुडतो.

दिवे लावले म्हणून चौक आपला होत नाही. चालकाने सिग्नलपाशी वेग इतका कमी करावा की थांबता येईल, सायरनचा सूर बदलावा आणि एकेक लेन बघत पुढे सरकावं. तुम्ही समोर असाल तर इंडिकेटर देऊन डावीकडे सरका. जागच्या जागी करकचून ब्रेक मारू नका, आणि रुग्णवाहिका गेली की तिच्या मागे चिकटून घुसू नका. पाठोपाठ दुसरी येत असू शकते. वाट न दिल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ई खाली ६ महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

‘लाल दिव्याची गाडी’ १ मे २०१७ पासून नेतेमंडळींच्या टपावरून उतरली. पण खासगी एसयूव्हीच्या जाळीत निळे-लाल फ्लॅशर अजून दिसतात. असे चार दिवे बघितलेला माणूस पाचव्याला आरशात बघून ‘असेल कुणीतरी’ म्हणतो, आणि तो पाचवा रुग्णवाहिकेचा असतो.