तलावाकाठची सहकुटुंब सकाळ

प्रश्न : घरात पाच वर्षांची मुलगी आणि गुडघेदुखी असलेल्या सासूबाई आहेत. सर्वांना झेपेल असा पाण्याकाठचा फेरफटका सोलापुरात कोठे व कसा आखावा?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आपल्याला विजापूर रस्त्यावरील धर्मवीर संभाजी तलाव, म्हणजेच कंबर तलाव, सोयीचा पडेल. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात सकाळी लवकर गेल्यास ऊन सौम्य असते आणि स्थानिक पक्ष्यांबरोबर हिवाळी पाहुणेही दिसण्याची शक्यता असते. काळ्या अंगाचा, पांढऱ्या कपाळाचा वारकरी आणि लांब तांबड्या पायांचा शेकाट्या हे पाणपक्षी लहान मुलांनाही सहज ओळखता येतात, त्यामुळे मुलीला चालण्याचा कंटाळा येणार नाही. संपूर्ण फेरी पूर्ण करण्याचा आग्रह मात्र धरू नये. वीस मिनिटे जाऊन त्याच वाटेने परतावे, कारण गुडघ्यांना दमल्यावर उरलेले अंतर फार जड जाते. सासूबाईंसाठी घडीची खुर्ची सोबत घ्यावी, आणि पाण्याच्या कडेला मुलीचा हात मोठ्या माणसाने धरलेलाच असावा. पक्ष्यांना पाव किंवा चिवडा घालू नये.

सासूबाईंना देवदर्शनही हवे असल्यास सिद्धेश्वर तलाव निवडावा. फक्त मकरसंक्रांतीच्या गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेचे, दिवस टाळावेत, कारण त्या गर्दीत निवांत चालणे अशक्यच. हिप्परग्याचा एकरुख तलाव विस्तीर्ण असला, तरी मुलगी थोडी मोठी होईपर्यंत तो राखून ठेवावा, असे आमचे मत आहे.