नॉर्डश्लायफ आणि रोजचं ऑफिस, दोन्हींसाठी एकच टायर: कप २, ट्रोफेओ आर की ए०५२?

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तुम्ही फ्रँकफर्टला राहता, जुनी बीएमडब्ल्यू एम२ कॉम्पिटिशन घेतली आहे, उन्हाळ्यात न्यूर्बुर्गरिंगला जाऊन तिथल्या नॉर्डश्लायफ या लांब ट्रॅकवर चालवायची आहे आणि ऑफिसलाही हीच गाडी न्यायची आहे. मिशेलिन पायलट स्पोर्ट कप २, पिरेली ट्रोफेओ आर आणि योकोहामा ॲडव्हान ए०५२ यांत पकड कोणाची जास्त, असं तुम्ही विचारलंय.

नुसत्या पकडीचं उत्तर सोपं आहे. कोरड्या, तापलेल्या डांबरावर ए०५२ आणि ट्रोफेओ आर दोन्ही कप २ च्या पुढे आहेत. तरीही तुमच्या गाडीवर मी कप २ च बसवेन. रिंगवर तुम्ही दिवसभरात चार-पाच फेऱ्या माराल, म्हणजे शंभरेक किलोमीटर. पण फ्रँकफर्टहून ए३ आणि ए४८ या मोटारवेंनी जायचं, आणि संध्याकाळी दमलेल्या अवस्थेत, बहुतेक वेळा पावसात परत यायचं, हे अंतर त्याच्या तिप्पट आहे. टायर निवडताना मी आधी हा परतीचा रस्ता बघतो. घड्याळ नंतर.

आधी या टायरांमध्ये वेगळं काय असतं ते सांगतो, म्हणजे पुढचं पटेल. रबराची पकड दोन गोष्टींतून येते. एक म्हणजे रबर डांबराला चिकटतं. दुसरी म्हणजे डांबराच्या खडबडीत कणांवर ते दबतं आणि लगेच पूर्ववत होत नाही, त्यात ऊर्जा खर्च होते. ट्रॅक टायरचं रबर ही ऊर्जा मुद्दाम जास्त खातं, म्हणून ते जास्त तापतं आणि लवकर झिजतं. त्याची नक्षीही उथळ असते. साध्या उन्हाळी टायरवर नवेपणी सात-आठ मिलिमीटर खोली मिळते, ट्रॅक टायरवर पाच-सहाच्या आसपास. खोली कमी असली की रबराचे ठोकळे वळणात कमी डुलतात आणि स्टिअरिंग नेमकं वाटतं. पण पाणी बाहेर फेकायला जागाही तेवढीच कमी राहते. सगळी देवघेव इथे आहे. कोणतीही कंपनी यातून पूर्णपणे सुटलेली नाही.

आता एकेक टायर बघू.

ए०५२ बद्दल मला मनापासून आदर आहे. गार डांबरावरसुद्धा तो पहिल्या काही वळणांत जागा होतो, आणि ओलसर रस्त्यावर तर या जातीतल्या बहुतेकांपेक्षा बरा वागतो. अमेरिकेत ऑटोक्रॉस आणि टाइम ॲटॅक या घड्याळाविरुद्धच्या स्पर्धांच्या बऱ्याच वर्गांत टायरवरचा 'ट्रेडवेअर' आकडा (टायर किती टिकेल ते सांगणारा) किमान २०० हवा असा नियम आहे. ए०५२ आणि ब्रिजस्टोनचा आरई-७१आरएस या दोघांवर बरोबर २०० च छापलेलं असतं, आणि तो योगायोग नाही. टेक्सासमधल्या सॅन अँजेलोजवळच्या ठरलेल्या रस्त्यावर ७,२०० मैल चालवून, एका प्रमाण टायरशी तुलना करून हा आकडा काढायचा असतो. पण छापायचा आकडा कंपनी स्वतः ठरवते. त्यामुळे एका कंपनीचे २०० आणि दुसरीचे २०० यांची तुलना करून आयुष्याचा अंदाज बांधू नका. ए०५२ चं रबर इतकं मऊ आहे की फेरीनंतर गरम असताना नख दाबलं तर खूण उमटते.

अडचण दुसरीकडे आहे. ऑटोक्रॉसची फेरी मिनिटभराची असते आणि नॉर्डश्लायफ २०.८ किलोमीटरचं. तुमची गाडी दीड टनाहून जड आहे आणि तिची ताकद ४१० अश्वशक्ती. अशा गाडीवर ए०५२ बसवून चालवाल तेव्हा फेरीच्या सुरुवातीकडच्या फुक्सरोरच्या उतारापर्यंत तो अप्रतिम वाटेल. नंतरच्या कारुसेल वळणाच्या पुढे मात्र हळूहळू पुढचं टोक बाहेर सरकायला लागतं, मागचा टायर गॅसवर (ॲक्सिलरेटर दाबला की) घसरतो, आणि स्टिअरिंगमधला निरोप पुसट होतो. टायर जास्त तापला की असंच होतं. हलक्या गाडीवर, उदाहरणार्थ लोटस एलिसवर, मी ए०५२ डोळे झाकून सुचवला असता. आरई-७१आरएस स्वभावाने ए०५२ च्या जवळचा आहे. त्याची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, मला जास्त कडक वाटते, झिजतो मात्र तोही भराभर.

ट्रोफेओ आर हा या तिघांत स्लिक टायरच्या (नक्षी नसलेल्या शर्यतीच्या टायरच्या) सगळ्यात जवळचा. त्यावर ट्रेडवेअर ६० छापलेलं असतं आणि या बाबतीत तो आकडा खोटं बोलत नाही. मोठ्या, वेगवान वळणांत, श्वेडनक्रॉइत्ससारख्या ठिकाणी, तो जो विश्वास देतो तो थक्क करणारा आहे. पण तो नीट तापलेला हवा. आणि साचलेलं पाणी आलं की त्याच्यावर अजिबात विसंबू नये. रिंग ज्या आयफेलच्या डोंगरात आहे तिथे एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला पाऊस ही नेहमीची गोष्ट आहे. पार्किंगमध्ये रस्ता कोरडा असतो आणि बेर्गवेर्कच्या वळणाला पोचेपर्यंत काच ओली होते. पर्यटकांसाठीच्या फेऱ्यांत शेजारी मोटरसायकली, भाड्याच्या गाड्या, कुटुंबाच्या स्टेशन वॅगनसुद्धा असतात. तिथे ट्रोफेओ आर घेऊन उतरायचं तर आकाशावर सतत नजर हवी. त्याचा वारस ट्रोफेओ आरएस आता आला आहे. तो घ्यायचा विचार असेल तर तुमच्या १९ इंची मापात मिळतो का ते आधी तपासा.

टोयोचा आर८८८आर आणि नानकांगचा एआर-१ यांची नावंही लोक तुम्हाला सुचवतील. दोन्ही उष्णता चांगली सोसतात, एआर-१ तर किमतीलाही परवडतो. पण मोटारवेवर त्यांचा आवाज असा काही घुमतो की शेजाऱ्याशी बोलायला ओरडावं लागतं. ट्रेलरवर गाडी नेणाऱ्यांसाठी ते ठीक आहेत.

उरला कप २. त्याच्या रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्यात दोन वेगळी रबरं असतात. बाहेरच्या बाजूला वळणातली पकड देणारं, आतल्या बाजूला स्टिअरिंग नेमकं ठेवणारं आणि ओल्यात सांभाळणारं. पहिली दोन-तीन किलोमीटर तो थोडा लाकडी वाटतो. नंतर मात्र फेरीच्या मधल्या भागात जसा असतो तसाच शेवटी राहतो. नवशिक्यासाठी यापेक्षा मोठा गुण मला माहीत नाही. गाडी तुम्हाला दर फेरीला तेच सांगते, त्यामुळे तुमचं काय चुकतंय ते तुम्हाला कळतं. शिवाय बीएमडब्ल्यूने स्वतः एम२ सीएसला २४५/३५ आणि २६५/३५ झेडआर१९ या मापांत कप २ दिला होता, आणि तुमच्या कॉम्पिटिशनची मापं तीच आहेत.

कप २ आर या नावाने गोंधळू नका. तो वेगळाच प्राणी आहे. २०१७ मध्ये पोर्शाच्या लार्स केर्नने ९११ जीटी३ मध्ये कप २ वर ७ मिनिटं १२.७ सेकंदांची फेरी मारली. पुढे त्यानेच नव्या जीटी३ मध्ये कप २ आर वर तेवढंच अंतर ६ मिनिटं ५५.३ सेकंदांत कापलं. लोक हा फरक सरळ टायरच्या खात्यावर लिहितात. तसं नाही. मधल्या काळात गाडीचं पुढचं सस्पेन्शन बदललं, मागचा पंख बदलला, गाडीला खाली दाबणारा वाऱ्याचा जोर वाढला. टायरचा वाटा मोठा आहे, पण सगळा त्याचा नाही. आणि ती फेरी कोरड्या दिवशी, रिकाम्या ट्रॅकवर, त्याच कामासाठी नेमलेल्या माणसाने मारलेली आहे.

आता टायरच्या हवेबद्दल. हे मी सविस्तर लिहितोय, कारण टायरच्या निवडीइतकाच फरक इथे पडतो आणि लोक याकडे काणाडोळा करतात. दर दहा अंश तापमानामागे साधारण ०.१ बार दाब वाढतो. सकाळी २० अंशांना १.९ बार हवा असेल आणि आतली हवा ७० अंशांपर्यंत गेली, तर गेज २.४ बार दाखवेल. म्हणजे दरवाजाच्या स्टिकरप्रमाणे हवा भरून ट्रॅकवर गेलात तर दुसऱ्या फेरीला टायर फुगून मधल्या पट्ट्यावरच चालायला लागेल. चांगला गेज विकत घ्या, पेट्रोल पंपावरच्यावर विसंबू नका. फेरी संपवून पार्किंगमध्ये आल्या आल्या चारही चाकं मोजा आणि वहीत लिहा. गरम दाब ठरवल्यापेक्षा वर गेला असेल तर थोडी हवा सोडा, पुन्हा फेरी मारा, पुन्हा मोजा. सोबत टायरच्या खांद्यावरही नजर टाका. बाजूला छोटे त्रिकोण छापलेले असतात. झीज त्यांच्या पलीकडे साइडवॉलवर उतरत असेल तर हवा कमी आहे किंवा कॅम्बर (चाकाचा वरून आत झुकण्याचा कोन) कमी आहे. एम२ च्या मूळ सेटिंगमध्ये पुढचा कॅम्बर कमीच असतो, म्हणून बाहेरचा खांदा आधी जातो आणि आतली नक्षी नवीकोरी राहते. अलाइनमेंट करून, म्हणजे चाकांचे कोन लावून घेतलेत तर एका सेटचं आयुष्य नक्की वाढेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: घरी निघायच्या आधी हवा परत भरा. ट्रॅकवर गरम असताना सोडलेली हवा रात्री गार झाल्यावर खूपच कमी भरते. कमी हवेचा टायर घेऊन मोटारवेवर २०० च्या वेगाने जाणं म्हणजे साइडवॉल आतून भाजणं. वरून पाऊस असेल तर कमी दाबाचा, उथळ नक्षीचा टायर पाण्यावर तरंगायला ८०-९० चा वेगही पुरतो. स्टिअरिंग एकदम हलकं पडतं, हातात काहीच उरत नाही. ते जाणवलं की ब्रेक मारू नका, गॅस सोडा आणि चाकं सरळ ठेवा. बरं तर असं की पावसात उजव्या लेनमध्ये ट्रकांच्या मागे शांतपणे घरी या. मीही तेच करतो, त्यात कमीपणा काही नाही.

जर्मनीतल्या कायद्याबद्दल दोन गोष्टी. कायद्याने किमान नक्षी १.६ मिलिमीटर असली तरी कप २ मी तीन मिलिमीटरच्या खाली रस्त्यावर वापरत नाही. टायरवरचा वजनाचा आणि वेगाचा निर्देशांक गाडीच्या कागदपत्रांतल्यापेक्षा कमी चालत नाही. दुकानदार "चालतं हो" म्हणाला तरी तुम्ही स्वतः ताडून बघा. हिवाळ्यात यातला एकही टायर नको. बर्फ किंवा गोठलेला रस्ता असेल तर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेला टायर सक्तीचा आहे, नाहीतर ६० युरो दंड आणि लायसन्सवर एक दंडाचा पॉइंट. पण दंड जाऊ द्या, सात अंशांच्या खाली हे रबर इतकं कडक होतं की पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढची चाकं टुणटुण उड्या मारतात. कडाक्याच्या थंडीत ते वाकवलं तर चिरा पडू शकतात, म्हणून काढलेला सेट उघड्या गॅरेजऐवजी घराच्या तळघरात ठेवा.

विम्याची पॉलिसीही काढून वाचा. नॉर्डश्लायफवर पर्यटक फेऱ्यांच्या वेळी रस्त्याचेच नियम लागू असतात, तरी बऱ्याच पॉलिसींत तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान वगळलेलं असतं. आणि कठडा वाकला तर त्याचं बिल तुम्हाला येतं.

तुम्ही शेवटी लिहिलंय की पुण्यातला तुमचा चुलतभाऊ पोलोसाठी हेच विचारतोय. त्याला सांगा, घाई करू नकोस. भारतात आयएसआय खुणेशिवाय नवा टायर विकता येत नाही, त्यामुळे यातले बरेच टायर तिथे सरळ मिळतच नाहीत. शिवाय पुण्याहून कोइमतूरचा कारी ट्रॅक हजार किलोमीटरहून लांब आहे, चेन्नईचा ट्रॅकही तसाच, आणि वाटेत घाट, खड्डे नि जूनपासून पाऊस. चांगला उन्हाळी टायर, नवे ब्रेक पॅड आणि ताजं ब्रेक ऑइल यांवर त्याने पैसे घालावेत. पोलोला तेवढ्यात भरपूर वेग येतो.

तुमच्या गाडीवर सध्या मिशेलिनचे रस्त्यासाठीचे पायलट स्पोर्ट ४ एस असतील आणि त्यांची नक्षी शिल्लक असेल, तर मी हा उन्हाळा त्यांच्यावरच काढला असता. ते फेरीच्या शेवटी किंचाळतात, घसरायच्या आधी इशारा देतात. रिंगची वळणं पाठ व्हायला एक हंगाम जातोच. तेवढ्यात कप २ चा महागडा सेट झिजवण्यात अर्थ नाही. पुढच्या वसंतात कप २ घ्या. वापरलेला सेट स्वस्तात मिळत असेल तर जपून. अनेकदा तापून गार झालेलं रबर नक्षी शिल्लक असूनही निबर होतं. साइडवॉलवरच्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे बघा, '२३२४' म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. तुमच्या आताच्या टायरवरचे ते चार आकडे आणि चारही चाकांची उरलेली खोली, आत, मध्ये आणि बाहेर मोजून, खाली लिहा. अलाइनमेंटला काय आकडे मागायचे ते मी त्यावरून सांगतो.