ब्रेक पॅड नाक्यावरच्या दुकानातूनच घ्या

प्रश्न : आमची वॅगन आर दहा वर्षांची झाली. पुढचे ब्रेक पॅड बदलायला आलेत. ऑनलाइन तेच पॅड साडेतीनशे रुपयांनी स्वस्त मिळतात, पण मेकॅनिक म्हणतो कापूरबावडीच्या दुकानातून आणा. त्याचं कमिशन असेल का?
– एक वाचक भगिनी, कासारवडवली, ठाणे

उत्तर : ताई, असेलही. तरी दुकानातूनच घ्या. ‘तेच पॅड’ कशावरून? मॉडेल एकच असलं, तरी साल किंवा व्हेरियंट बदललं की पॅड वेगळे लागू शकतात. दुकानात जाताना आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र) न्या आणि मेकॅनिकने चाक खोललं असेल तर जुना पॅडही. आरसीवरचा १७ अक्षर-अंकी चेसिस नंबर पाहून जाणता दुकानदार नेमका पार्ट काढतो. मग जुना पॅड नव्यावर ठेवून दोन्ही टोकांचे कान जुळतात का बघतो, आणि पॅड झिजला की किंचाळणारी ती पत्र्याची बारीक पट्टी त्याच बाजूला आहे का तेही. कान जरासे मोठे निघाले तर पॅड कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागात अडकतो, चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला घासत राहतो आणि चाक तापतं. गायमुखचा उतार तुमच्या घराजवळच, मागेपुढे कंटेनर. तिथे मला साडेतीनशे रुपयांचा हिशोब करवत नाही.

शिवाय चुकीचा पार्ट आला तर पार्सल परत जाऊन दुसरं येईपर्यंत गाडी गॅरेजमध्ये जॅकवर. नाक्यावरचा दुकानदार बहुधा त्याच संध्याकाळी बदलून देतो, कारण मेकॅनिक उद्या पुन्हा त्याच्याच काउंटरवर येणार असतो.

डुप्लिकेट माल दुकानांतही असतो, हे खरंच. खोक्याचं सील आणि एमआरपीचं लेबल नीट बघा. ‘बिल नको, शंभर कमी करतो’ म्हणाला तर सरळ दुसरं दुकान गाठा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत न घेणंही तसंच. परतीची मुदत बिलावर नसेल तर ३० दिवस धरतात. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे, बिलावर जुना २८ दिसला तर तिथल्या तिथे विचारा.

वायपर, सीट कव्हर खुशाल ऑनलाइन मागवा.

आणि पॅड पुढच्या दोन्ही चाकांचे एकदमच बदला. डिस्कची जाडीही मोजून घ्यायला सांगा.